चौकटीबाहेर गेलेला हात

बडोद्यात घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत भोईट्यांच्या बसायच्या खोलीत एक फोटो होता, आणि त्या फोटोपायी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या आयुष्यातली निदान दोन वर्षं फुकट गेली होती.

फोटो समरजितच्या पणजोबांचा, मानसिंगरावांचा. डोक्याला पागोटं, अंगात पितळी बटणांचा कोट, मागे तोफेचं चाक आणि नळीचा थोडा भाग. उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ पुढे केलेला. पंजा मात्र दिसत नसे, कारण मनगटापाशीच चौकट आडवी येई. "हा तोफ डागायचा हुकूम सुटतोय," असं आबा, म्हणजे समरजितचे आजोबा सुभानराव, आल्यागेल्याला सांगत. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही सांगत. तो खांद्यावर सिलिंडर घेऊन ऐकून घेई, कारण आबा दारात उभे असत.

दसऱ्याला शस्त्रपूजा असे. घरात शस्त्र म्हणावं असं काहीच नसल्यामुळे पाटावर विळी, पाना, पकड आणि मध्यभागी हा फोटो मांडला जाई. साठ वर्षं काचेवर त्याच जागी कुंकू लागल्याने तोफेच्या तोंडाशी एक कायमचा लाल डाग पडला होता. आबा म्हणत, तो जाळ.

असा जाळ घरात असताना मुलं सैन्यात अधिकारी होणार हे ठरलेलंच होतं. फक्त होत नव्हती. आबा स्वतः एकेचाळीस साली भरतीला गेले आणि छाती पुरती फुगवूनही पाऊण इंचाने परत आले. पुढे त्यांनी जकात नाक्यावर तीस वर्षं कांद्याच्या गाड्या अडवल्या. त्यांचे चिरंजीव विश्रामराव दोन वेळा निवड मंडळापुढे गेले आणि आता मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर होते. 'ऑफिसर' हा शब्द घरात आला तो असा, फाटकातून. रोज सकाळी ते कंपनीच्या बसला सलाम ठोकत, आणि बस न थांबता आत जाई.

आता पाळी समरजितची होती. समरजित बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय पदार्थविज्ञान. एन.सी.सी.चं सी सर्टिफिकेट हातात, त्यामुळे लेखी परीक्षा माफ, आणि जानेवारीत भोपाळच्या निवड मंडळापुढे पाच दिवस हजर राहायचं पत्र आलेलं. त्याला सैन्यात जायचं होतं, हे खरं होतं. आबांना हवं होतं म्हणून नव्हे. त्याला कॅम्पमध्ये नकाशा आणि होकायंत्र घेऊन रान तुडवायला मनापासून आवडे. पण हे कारण इतकं साधं होतं, की ते घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

"तुझ्यात रक्त आहे," आबा म्हणत.

"पाच लिटर," समरजितची धाकटी बहीण राजेश्वरी म्हणे. ती फाइन आर्ट्सला होती, गळ्यात सदा कॅमेरा. "तेवढं सगळ्यांमध्येच असतं, आबा."

*

ते शहाण्णव साल होतं आणि त्या वर्षी बडोद्यात लीडरशिप मुबलक झाली होती. दहा वर्षांपूर्वी गल्लीत एखादाच पुढारी असे आणि लोक त्याला टाळत. आता कारेलीबागेत दर तिसऱ्या सोसायटीत कुणीतरी तळमजल्यावर नेतृत्व शिकवत होतं. एम.बी.ए.वाल्यांना ते हवं होतं, कॉम्प्युटरवाल्यांना हवं होतं, साबणाच्या कंपनीत सेल्समन होणाऱ्यालाही हवं होतं. नेत्यांच्या मागे चालणार कोण, हा प्रश्न तेवढा अभ्यासक्रमात नव्हता.

लष्करी नेतृत्वाची सोय एका फरसाणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. 'रणकेसरी अकॅडमी.' चालवणारे श्रीकृष्ण सर. सर स्वतः चार वेळा भोपाळला जाऊन चारही वेळा परत आले होते, आणि ही गोष्ट ते लपवत नसत. उलट तेच त्यांचं भांडवल होतं. "जे सिलेक्ट झाले ते एकदाच गेले, जेंटलमेन. त्यांना अनुभव काय?" या युक्तिवादात चूक आहे असं समरजितला वाटे. पण ती नेमकी कुठे आहे हे सापडायच्या आत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असत.

भिंतीवर अधिकाऱ्याच्या अंगी लागणाऱ्या पंधरा गुणांचा तक्ता होता. खालून तळणाचा वास येई, त्यामुळे बॅचमधल्या मुलांना 'पुढाकार', 'निर्णयशक्ती' वगैरे शब्द ऐकले की भूक लागे.

मंडळापुढे धूसर चित्रं दाखवतात आणि प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. त्यातून तुमचं मन वाचतात म्हणे. सरांनी मनाचा प्रश्नच मिटवला होता. त्यांनी एक गोष्ट तयार करून दिली होती: गावावर संकट येतं, विजय नावाचा तरुण गावकऱ्यांना एकत्र करतो, कामं वाटून देतो, संकट टळतं, सरपंच त्याची पाठ थोपटतात. चित्रात नदी असली तर पूर, धूर असला तर आग, खिडकीशी बाई असली तर निरक्षरता. समरजितने हिशेब केला. सव्वीस मुलं, आठवड्याला बारा चित्रं. दिवाळीपर्यंत रणकेसरीने अडीच हजारांच्या वर गावं वाचवली होती. गुजरातेत तेवढी धोक्यात तरी होती का, हे एकदा बघायला हवं होतं.

नोव्हेंबरात सरांनी मैदानी सराव ठेवला. सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. मधली जागा म्हणजे नाला. साहित्य एक फळी, एक दोर आणि खालच्या दुकानातून आणलेलं तेलाचं रिकामं पिंप. आठ जणांनी चुन्याला पाय न लावता पिंपासकट पलीकडे जायचं. वेळ वीस मिनिटं. माहितीपत्रकासाठी फोटो काढायला सरांनी राजेश्वरीला बोलावलं होतं, अर्थात फुकट.

"नाल्यात काय आहे, सर?" हार्दिकने विचारलं. हार्दिक समरजितचा वर्गमित्र. घरी मराठी, घराबाहेर गुजराती आणि सरांसमोर इंग्रजी.

"समजा, सुरुंग."

"सर, आपल्याकडे मगरी ठेवू ने. विश्वामित्री नदीत आहेतच. सुरुंग कोणी बघितलाय?"

मगरींवर एकमत झालं. सरांनी शिट्टी वाजवली.

आठही जण एकदम म्हणाले, "जेंटलमेन, माझ्याकडे एक योजना आहे."

मग ते थांबले, कारण 'इतरांना बोलू देणे' हा तक्त्यातला सातवा गुण होता. मग आठही जण एकदम पुन्हा बोलू लागले, कारण 'पुढाकार' पहिला होता. हार्दिकने फळीकडे बोट दाखवून तू उचल म्हटलं. ज्याला म्हटलं त्याने पुढच्याकडे बोट दाखवलं. हुकूम असा फिरत फिरत पाच मिनिटांनी हार्दिककडे परत आला. फळी होती तिथेच होती. मगरींनी एव्हाना झोप काढली असती.

समरजितने मनातल्या मनात अंतर मोजलं होतं. दोन पावलं फळी, तीन पावलं नाला, म्हणजे पिंप मध्ये ठेवल्याशिवाय सुटका नाही. हे त्याने दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा कुणीतरी "चांगला मुद्दा, जेंटलमन" म्हणून आपली योजना पुढे चालू केली. चौदाव्या मिनिटाला त्याचा धीर सुटला. तो वाकला, फळी खांद्यावर घेतली, आणि पिंप पायाने ढकलत चालू लागला. का कोण जाणे, दोघं मागून दोर घेऊन आले. मग बाकीचेही आले. अठराव्या मिनिटाला आठही जण पलीकडे होते.

सरांचा चेहरा पडला.

"भोईटे, तुम्ही उचललंत."

"हो, सर. त्याशिवाय..."

"अधिकारी उचलत नाही. उचलवतो. हा फरक समजला नाही तर जानेवारीत भोपाळहून संध्याकाळच्या गाडीने परत याल." सरांना त्या गाडीची वेळ पाठ होती.

घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली राजेश्वरी म्हणाली, "दादा, फोटो मस्त येणार बघ. तुझी मान फळीखाली वाकडी झालेली, आणि बाजूला हार्दिक हात पुढे करून उभा, आपल्या पणजोबांसारखा."

*

डिसेंबरात समरजितला एक शंका आली. मुलाखतीत फौजी घराणं म्हणून सांगितलं, आणि समोरच्याने विचारलं की पणजोबा कोणत्या तोफेवर होते, तर? आबांना विचारलं. आबा म्हणाले, "मोठ्या."

हे उत्तर पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुरणारं नव्हतं. आबा संध्याकाळी सुरसागर तळ्यावर फिरायला गेलेले पाहून त्याने फोटो उतरवला, आणि पट्टी आणि भिंग घेऊन बसला. पणजोबांची उंची साडेपाच फूट धरली, तर त्या प्रमाणात नळीची जाडी काढता येईल. जाडीवरून तोंडाचा व्यास. राजेश्वरी शेजारी बसून शेंगदाणे खात होती.

नळीवर भिंग धरलं तर तिच्यावर वेलबुट्टी दिसली. बारीक, दागिन्यावर असते तशी.

"लढाईच्या तोफेवर वेल कशाला काढतील?" तो म्हणाला.

राजेश्वरीने भिंग हिसकावून घेतलं. तिने तोफ पाहिलीच नाही. ती जमीन पाहत होती. "दादा, सावल्या मोज. ऊन उजवीकडून येतंय. पणजोबांची सावली ही. मग ही दुसरी कोणाची? चौकटीच्या बाहेरून आत आलीय."

दुसरी सावली रुंद होती आणि तिच्या टोकाला चंद्रकोर होती.

"हा माणूस नाही," राजेश्वरी म्हणाली.

मागचे खिळे गंजलेले होते. पुठ्ठा निघाला तेव्हा कळलं की फोटो चौकटीएवढा नव्हताच. उजवा निम्मा भाग मागे दुमडलेला होता. समरजितने तो हलक्या हाताने उलगडला. मानसिंगरावांचा हात मनगटाच्या पुढे गेला, पंजा आला, पंजात कासरा आला, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बैल आला. उंच, पांढरा, पाठीवर जरीची झूल, शिंगांना टोपणं, गळ्यात माळा. त्याच्या तोंडावर असा काही रुबाब होता की तोफखान्याचा प्रमुख तोच वाटावा.

बडोद्यात वाढलेल्या मुलाला पुढचं सांगावं लागत नाही. राजाच्या मिरवणुकीत निघायची ती सोन्याची तोफ. ती बैल ओढत. तिने कधी शत्रू पाहिला नाही, दसरा मात्र चुकवला नाही.

"म्हणजे पणजोबा..." समरजित म्हणाला.

"तोफखान्यातच होते," दारातून आवाज आला. आबा परत आले होते. हातात काठी, तोंड लालबुंद. "तोफ नेणारा तोफखान्यात नाही तर काय मुदपाकखान्यात असतो?"

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच दुमडलाय तो." आबा खाटेवर बसले. "लग्न ठरत होतं माझं. तुझ्या आजीचं घराणं अस्सल फौजी, असं मध्यस्थ सांगून गेला. त्यांच्यापुढे बैल ठेवू?"

"मग त्यांना कळलं नाही?"

"त्यांना काय कळणार. ते बँडात होते. लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं, तिचे वडील ढोल वाजवायचे."

राजेश्वरीला ठसका लागला. शेंगदाण्याचा म्हणून ती आत गेली आणि बराच वेळ आत खोकत राहिली.

आबा बैलाकडे पाहत होते. त्यांनी त्याला साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. "याचं नाव लक्ष्या," ते म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "मी त्याला गूळ द्यायचो. बाजूला बार उडायचे, ताशे वाजायचे, माणसांचा समुद्र. पण हा हलायचा नाही की बिथरायचा नाही. आमचा बाप कधी चाबूक घेऊन मागे चालला नाही. म्हणायचा, मागून ओरडलं की बैल थांबतो आणि मागे वळून बघतो. मागे काय, तर सोन्याची तोफ. ती उलटली की संपलं. म्हणून आपण पुढे चालायचं. त्याच्या कानाशी, त्याच्याच चालीने. हुकूम बैलाला कळत नाही. पुढे कोणी चालतंय, एवढं कळतं."

मग त्यांना आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं. त्यांनी फोटो पूर्वीसारखा दुमडला.

"भोपाळला तोफखाना लिहायचं. कागदावर आणि तोंडीसुद्धा. समर, शब्द दे."

"पण आबा..."

"माझी छाती पाऊण इंच कमी पडली. तुझ्या बापाचं काय कमी पडलं ते त्यांनी सांगितलंही नाही. आता बैलामुळे तुझं राहिलं, तर मी हा फोटो कोणत्या तोंडाने बघू?"

समरजितने शब्द दिला. ऐंशी वर्षांच्या माणसाशी पुराव्यानिशी वाद घालता येत नाही, हे विज्ञानात कुठे लिहिलेलं नसतं, पण घरात राहून कळतं.

*

भोपाळला पहिल्याच दिवशी छातीवर नंबर बांधला, एकवीस, आणि हातात फॉर्म आला. कुटुंबातील सैनिकी परंपरा, असा रकाना होता. समरजितने लिहिलं: पणजोबा, बडोदा संस्थान, तोफखाना. लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. खोटं लिहिताना माणूस शुद्धलेखन सांभाळतो.

त्याच्या गटात आठ जण होते. कुणी डेहराडूनहून, कुणी अलाहाबादहून, कुणी चंडीगडहून. सगळे क्लासला जाऊन आलेले. पहिल्या रात्रीच्या जेवणात कळलं की प्रत्येकाच्या गावात एक श्रीकृष्ण सर आहेत. आणि डेहराडूनच्या मुलाने चित्रावर लिहिलेल्या गोष्टीतल्या तरुणाचंही नाव विजय होतं.

तिसऱ्या दिवशी मैदान. समोर पांढऱ्या रेघा, फळी, दोर, पिंप. बाजूला एक मेजर हातात वही घेऊन उभा, चेहऱ्यावर काहीही नाही. त्याने वेळ सांगितली आणि तो मागे सरला.

आठही जण म्हणाले, "जेंटलमेन."

समरजितला वाटलं, कारेलीबागेतून निघून एवढा रेल्वेचा प्रवास करून आपण पुन्हा कारेलीबागेतच आलो. आता उचललं तर संध्याकाळची गाडी. नाही उचललं तर हे सगळे उद्या सकाळपर्यंत एकमेकांचे मुद्दे चांगले ठरवत बसणार. चंडीगडचा मुलगा त्याच्याकडे बोट करून म्हणत होता, "तू फळी आण." समरजितने बोटाकडे पाहिलं. खांद्याच्या रेषेत ताठ, पण बोटात कासरा नव्हता.

तो वाकला आणि त्याने फळी उचलली.

तो काही बोलला नाही. पिंपाशी गेला, फळी टेकवली, पलीकडे पाय ठेवून दुसऱ्यासाठी हात मागे केला. सर्वांत जवळ अलाहाबादचा एक भित्रा मुलगा होता. तो आला, कारण हात रिकामा दिसत होता. त्याच्या वेगाने समरजित पुढे गेला, जास्त नाही. मग तिसरा आला. चंडीगडचा शेवटपर्यंत अलीकडे उभा राहून हुकूम सोडत होता, पण हुकूम ऐकायला अलीकडे कोणी उरलं नाही, तेव्हा तोही आला.

मेजरने वहीत काहीतरी लिहिलं. एकच शब्द असावा, इतक्या लवकर वही मिटली. समरजितने ठरवलं की तो शब्द 'हमाल' असणार.

मुलाखत त्याच दिवशी दुपारी. टेबलामागे एक कर्नल. केस पांढरे, आवाज मऊ, समोर फॉर्म.

"बडोदा. पणजोबा तोफखान्यात," ते वाचत म्हणाले आणि हसले. "मीसुद्धा तोफखान्याचाच. कोणती तोफ?"

समरजितच्या डोळ्यांपुढे आबा आले, दारात, काठी घेऊन.

"मोठी, सर," तो म्हणाला.

"मोठी म्हणजे?"

खोलीत पंखा फिरत होता. समरजितने त्याचे फेरे मोजले. नऊ झाले. आयुष्यात त्याने कधी मोजमापाशिवाय उत्तर दिलं नव्हतं, आणि 'मोठी' हे माप नव्हतं.

"सोन्याची, सर. मिरवणुकीतली. ती कधी लढाईला गेली नाही. माझे पणजोबा तिचा बैल सांभाळायचे."

कर्नलनी फॉर्म उचलून पुन्हा पाहिला. "इथे बैल दिसत नाही."

"दुमडलाय, सर."

"काय?"

"मी चुकीचं लिहिलं, सर. आजोबांना शब्द दिला होता तोफखाना लिहायचा."

"आणि आत्ता तो मोडलात."

"हो, सर."

"म्हणजे आधी तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिलंत, आणि मग आजोबांना दिलेला शब्द मोडलात. तीन दिवसांत दोन्ही." आवाज अजून मऊच होता. "अशा माणसावर मी विश्वास का ठेवावा?"

रणकेसरीत मुलाखतीचे एकशे वीस प्रश्न पाठ करून घेतले होते. हा त्यांत नव्हता.

"मला माहीत नाही, सर," समरजित म्हणाला.

कर्नल खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "सोन्याची तोफ जड असणार. गर्दी, आवाज. बैल बिथरत नसे?"

आणि समरजितने त्यांना लक्ष्याबद्दल सांगितलं. मागून ओरडलं तर काय होतं, पुढे चाललं तर काय होतं. सांगताना तो विसरला की ही मुलाखत आहे. टेबलावरची पेन्सिल, खोडरबर आणि कर्नलसाहेबांचा चष्मा मांडून त्याने बैल, तोफ आणि पणजोबांची जागा दाखवली. कर्नलनी चष्मा परत मागितला तेव्हा तो भानावर आला.

पाचव्या दिवशी एकतीस उमेदवारांना ओळीत बसवून नंबर वाचले. दोनच वाचले. त्यांतला एक एकवीस होता. समरजित उठला नाही. शेजारच्याने ढोसल्यावर उठला.

*

त्याने एस.टी.डी. बूथवरून पोळेच्या तोंडाच्या दुकानात फोन केला, आणि तो बडोद्याला पोहोचेपर्यंत बातमी सुरसागराला फेरी मारून आली होती. घरात पेढ्यांची खोकी होती. आबा दारात उभे राहून शेजारी निघालेल्या सिलिंडरवाल्याला सांगत होते, "रक्त. तोफखान्याचं रक्त. भोपाळात कर्नलने विचारलं, पणजोबा कोण? यानं सांगितलं, तोफखाना. संपलं!"

सिलिंडरवाल्याने पेढा घेतला आणि सिलिंडर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

कारेलीबागेत तर आणखी पुढे गेलं होतं. रणकेसरीने फरसाणाच्या दुकानावर दहा फुटी बोर्ड लावला होता. अकॅडमीकडे समरजितचा एकच फोटो होता, तो फळीचा. पेंटरने तो समोर ठेवून चित्र काढलं होतं. फळी तेवढी काढली नव्हती; तिच्या जागी मागे एक हिमशिखर आणि झेंडा होता. फळी सावरायला वर गेलेला हात आता सलाम करत होता. वाकडी मान मात्र पेंटरला सरळ करता आली नव्हती, त्यामुळे भावी अधिकारी सलाम करता करता खाली तळल्या जाणाऱ्या गाठियांकडे पाहत होता.

"सर, मी तिथेही फळी उचलली," समरजित म्हणाला.

"असेल. पण उचलवण्याच्या वृत्तीने उचललीत," सर म्हणाले. "आमचं ट्रेनिंग."

खाली हार्दिक भेटला. "अल्या, बोर्डावर तू एकदम हीरो! बाजूला मी होतो ना फोटोत? मला कुठे टाकला?"

"झेंड्याखाली."

घरी पेढे संपले तेव्हा, चौथ्या दिवशी दुपारी, समरजित आबांच्या खाटेशी बसला. "आबा, मी शब्द मोडला. बैल सांगितला. लक्ष्याचं नावसुद्धा सांगितलं."

आबांनी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर फोटो होता म्हणून दुसऱ्या भिंतीकडे केलं. दोन दिवस त्यांनी दारात उभं राहणं बंद केलं. सिलिंडरवाला तीन मिनिटांत सिलिंडर ठेवून गेला, आणि जाताना घरात कोणी आजारी आहे का, असं विचारून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी विचारलं, "कर्नल काय म्हणाला? बैल ऐकून?"

"त्याने विचारलं, बिथरत नसे का."

"मग?"

"मी सांगितलं. पुढे कसं चालायचं ते."

"सगळं सांगितलंस? कानाशी चालायचं, तेही?"

"तेही. त्याचा चष्मा घेऊन दाखवलं."

आबा उठले, स्टुलावर चढले आणि फोटो उतरवला. खिळे त्यांनीच काढले. पण साठ वर्षांची घडी. उलगडताना कागद बरोबर मनगटावर तुटला. एका हातात मानसिंगराव, दुसऱ्या हातात लक्ष्या. राजेश्वरी म्हणाली, मी चिकटवून देते, कळणारसुद्धा नाही. आबा नको म्हणाले. ते स्वतः न्यायमंदिराशेजारच्या चौकटवाल्याकडे गेले आणि लक्ष्यासाठी वेगळी चौकट करून आणली. मानसिंगरावांच्या चौकटीपेक्षा ती दोन बोटं मोठी होती. समरजितने मोजली.

आता दोन्ही चौकटी शेजारी शेजारी आहेत. मध्ये चार बोटं भिंत, आणि त्या भिंतीवरून कासरा गेलाय असं समजायचं. समरजित प्रशिक्षणाला जायच्या आदल्या दिवशी सिलिंडर आला. आबा दारात होते. सिलिंडरवाल्याने नवी चौकट पाहिली आणि सवयीने थांबला.

"काका, आ बळद कोनो?" बैल कोणाचा, असं तो विचारत होता.

आबांनी काठी भिंतीला टेकवली, घसा साफ केला आणि हात खांद्याच्या रेषेत ताठ पुढे केला.

"लक्ष्या," ते म्हणाले. "तोफखान्यातला. आमच्या वडिलांच्या हाताखाली होता."